वर्गातून मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडे : खेड्यातल्या शाळेचा कारभार हाती घेताना

विदर्भातल्या खेड्यांत मुख्याध्यापकपद बहुतेकांकडे रीतसर पदोन्नतीने येत नाही. आधीचे मुख्याध्यापक सेवानिवृत्त होतात किंवा बदलून जातात, शाळेत उरलेल्या दोन-तीन शिक्षकांपैकी सेवेने ज्येष्ठ असलेल्याच्या नावे पंचायत समितीतून एका पानाचा आदेश निघतो, आणि कालपर्यंत तिसरी-चौथीला भागाकार शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती किल्ल्या, कपाटे, तांदळाची पोती आणि बँकेचे पासबुक एकदमच येते. शिक्षण हक्क अधिनियम 2009 च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक 150 च्या वर पट (विद्यार्थिसंख्या) असल्यास आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर पट असल्यास मिळतो. 60 पर्यंत पट असेल, तर शिक्षकच दोन. आपल्याकडच्या कितीतरी पोड, तांडे आणि टोले अशा छोट्या वस्त्यांवरच्या शाळांचा पट त्याहूनही कमी आहे. म्हणजे तुम्ही मुख्याध्यापक व्हाल, पण तुमचा वर्ग तुमच्याकडेच राहील.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच शाळांत शिकवले आणि पुढे कारभारही पाहिला. द्विशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक टपाल द्यायला तालुक्याला गेला, की निम्मी शाळा गुरुजींविना बसते. त्यामुळे नव्या माणसाने पहिल्या वर्षी एकच गोष्ट साधावी, असे माझे ठाम मत आहे : कागदाचे काम अशा रीतीने लावावे की वर्ग सुटणार नाही. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने सांगितले आहेत.

1. आपली वाट कोणती, हे आधी नीट समजून घ्या

प्रभारी मुख्याध्यापक म्हणून आदेश आला असेल, तर ती पदोन्नती नव्हे. तुमचे मूळ पद सहायक शिक्षकाचेच राहते, मात्र स्वाक्षरीची जबाबदारी पूर्ण असते. तोंडी सांगण्यावरून प्रभार घेऊ नये. आदेशाची प्रत, त्यावरचा जावक क्रमांक आणि दिनांक पाहून मगच रुजू अहवाल द्यावा.

जिल्हा परिषदेतील नियमित पदोन्नती ज्येष्ठता यादीवरून होते. 1 जानेवारीच्या स्थितीवरची तात्पुरती यादी प्रसिद्ध झाली, की तुमचे नाव, जन्मदिनांक, रुजू दिनांक, प्रवर्ग आणि व्यावसायिक अर्हता या पाच बाबी तपासा आणि चूक असल्यास मुदतीत लेखी आक्षेप घ्या. अंतिम यादी लागल्यानंतर धावपळ करणाऱ्यांच्या पदरी सहसा काही पडत नाही.

शिक्षक पात्रता परीक्षेचा मुद्दा आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहण्यासाठी ती अट नाही, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही पात्रता लागते. म्हणून मुख्याध्यापकपदाचा विचार मनात असेल, तर या परीक्षेची तयारी आजच सुरू करा.

केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा) हे पुढचे पद काही प्रमाणात पदोन्नतीने आणि काही प्रमाणात मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरले जाते. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत असाल, तर 1981 ची सेवाशर्ती नियमावली लागू होते. तिथे पदवी व बी.एड्. सोबत पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान दोन वर्षे बी.एड्. नंतरची असावी लागतात. संस्थेने नियुक्ती दिली म्हणजे काम संपले, असे तिथे होत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि स्वाक्षरीचे अधिकार मिळेपर्यंत पगारबिलावरची तुमची सही चालत नाही.

2. स्वतःची फाइल तयार ठेवा

पदोन्नतीच्या वेळी कागद मागवले जातात आणि मुदत चार दिवसांची असते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. पुढील कागदांच्या दोन-दोन साक्षांकित प्रती एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवाव्यात :

- प्रथम नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि स्थायित्व प्रमाणपत्र
- डी.एड्., पदवी व बी.एड्. ची गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे, तसेच पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र
- प्रवर्गातून नियुक्ती असल्यास जात वैधता प्रमाणपत्र
- संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र
- मराठी व हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे किंवा त्यातून सूट मिळाल्याचे आदेश
- मागील वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या प्रती आणि मत्ता व दायित्व विवरणपत्रे
- सेवापुस्तकाची दुय्यम प्रत

यातले सेवापुस्तक सर्वांत जास्त दुर्लक्षित असते. भाषा परीक्षेची सूट किंवा स्थायित्व यांचा आदेश तुमच्या हातात असतो, पण त्याची नोंद सेवापुस्तकात घेतलेली नसते. पंचायत समितीत जाऊन ते पुस्तक पान न् पान पाहावे आणि राहिलेल्या नोंदी करून घ्याव्यात.

3. प्रभार घेताना घाई करू नका

बदली झालेल्या गुरुजींना नव्या शाळेत रुजू व्हायची घाई असते, निरोपाचा कार्यक्रम ठरलेला असतो, आणि प्रभार यादीवर सही करून मोकळे व्हा असा आग्रह होतो. तो आग्रह नम्रपणे, पण ठामपणे बाजूला ठेवावा. यादीवर सही झाल्यापासून त्यातली प्रत्येक वस्तू तुमच्या नावावर आहे.

यादीतील प्रत्येक ओळ प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहावी. जडवस्तू संग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत दोन संगणक असतील, तर ते कोणत्या खोलीत आहेत, चालू आहेत की बंद, हे यादीतच लिहावे. बंद पडलेली वस्तू चालू म्हणून स्वीकारू नये आणि सापडत नसलेली वस्तू "आढळून आली नाही" अशा स्पष्ट शब्दांत नोंदवावी. यात कोणावर आरोप होत नाही. त्या दिवसाची स्थिती तेवढी कागदावर येते.

रोकडवहीची शेवटची शिल्लक आणि पासबुकाची शिल्लक त्याच दिवशी जुळवावी. त्यासाठी पासबुक आधी बँकेतून भरून आणायला सांगावे. खर्चाच्या नोंदी आहेत पण प्रमाणके (व्हाउचर) नाहीत, असे असेल तर अशा नोंदींची वेगळी यादी करून त्यावर जाणाऱ्या मुख्याध्यापकांची सही घ्यावी, कारण लेखापरीक्षक काही वर्षांनी येतात आणि खुर्चीवर त्या वेळी जो असेल त्यालाच विचारतात. प्रभार यादीच्या तीन प्रती कराव्यात. एक जाणाऱ्याकडे, एक शाळेत आणि एक केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत, पोच घेऊन.

4. दाखल खारीज रजिस्टर : शाळेतील सर्वांत मौल्यवान वस्तू

शाळेत टीव्ही आला, सौर पॅनेल आले, तरी मुलांच्या प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदी असलेल्या, लोखंडी कपाटातल्या जुन्या दाखल खारीज रजिस्टरइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही, हे नव्या मुख्याध्यापकाला पहिल्याच दिवशी कळायला हवे. जात वैधतेसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागास प्रवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. शेतमजुराच्या घरी इतका जुना कागद कुठून असणार? आजोबा कधीतरी एक-दोन वर्षे शाळेत गेले असतील, तर त्या शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ हाच त्या घराचा पुरावा ठरतो. नातीचे नर्सिंगचे किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण त्या ओळीवर अडते किंवा सुटते.

अशी जुनी रजिस्टरे कशी असतात, हे एकदा नीट पाहावे. पिवळी, कडा कुरतडलेली पाने, टाकाने लिहिलेली निळी-काळी अक्षरे, काही ठिकाणी मोडी वळणाच्या सह्या, आणि वाळवीने बांधणीजवळ केलेली बारीक भोके. घडी पडलेल्या पानावर बोट फिरवले तरी तुकडा निघतो. म्हणून ती रोजच्या कामाला काढू नयेत. चांगल्या उजेडात प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, वर्षवार फोल्डर करावे आणि आडनावांची एक अनुक्रमणिका बनवावी. रजिस्टर सुती कापडात बांधून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवावे. आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि वाळवी खालूनच चढते.

इथला सर्वांत धोक्याचा सापळा खाडाखोडीचा आहे. कोणी ओळखीचे येऊन "फक्त जन्मतारखेतला एक आकडा" किंवा "जातीच्या रकान्यात एक शब्द" बदलून मागतील, गावातले वजनदार लोक मध्यस्थी करतील. सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय रजिस्टरात एक टिंबही बदलायचे नाही. आदेश असेल तर मूळ नोंद वाचता येईल अशी ठेवून, लाल शाईने दुरुस्ती करून, आदेशाचा क्रमांक व दिनांक शेजारी लिहून सही करावी.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबाबत उलट दिशेने होणारी चूकही टाळावी. पट कमी होईल या भीतीने दाखला रोखून धरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 5 नुसार दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दाखला आलेला नाही म्हणून समोरच्या शाळेलाही प्रवेश नाकारता येत नाही.

5. लॉगिन, ओटीपी आणि बँकेतील सह्या

यू-डायस प्लस (शाळेची माहिती), सरल (विद्यार्थ्यांची माहिती), शालार्थ (पगार), पोषण आहाराचे ॲप आणि निधीचे पोर्टल या सर्वांचे वापरकर्ता नाव व पासवर्ड प्रभाराच्या दिवशीच एका बंद पाकिटात लिहून घ्यावेत आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः एकदा लॉगिन करून पाहावे. पुष्कळदा असे होते की पासवर्ड मिळतो, पण ओटीपी जुन्या मुख्याध्यापकांच्या खासगी मोबाइलवर जातो, आणि ते आता पन्नास किलोमीटरवरच्या शाळेत वर्गावर असतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात लेखी अर्ज देऊन नोंदणीकृत क्रमांक पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या.

बँकेतील सह्या बदलायला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, तुमचा नियुक्ती आदेश, आधार, पॅन आणि छायाचित्रे लागतात. शाखा तालुक्याच्या गावी असते आणि एका फेरीत काम होईलच असे नाही. म्हणून ठराव पहिल्याच सभेत घ्यावा.

समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळते : 30 पर्यंत पट असल्यास 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. यातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. ही रक्कम वर्षाच्या उत्तरार्धात हातात आली की मार्चअखेरपर्यंत घाईने खर्च होते. त्यापेक्षा जूनमध्येच समितीसमोर गरजांची क्रमवारी ठरवून ठेवावी, म्हणजे पैसे आल्यावर फक्त खरेदी उरते.

आणखी एक वही अवश्य करा. शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक, वर्गवार व प्रवर्गनिहाय पट, खोल्यांची संख्या व मोजमापे, वीजग्राहक क्रमांक, समिती सदस्यांची नावे, अपंगत्व असलेल्या मुलांचा तपशील, हे सगळे एका जागी लिहून ठेवावे. "तात्काळ माहिती सादर करा" असा संदेश दुपारी बारा वाजता मोबाइलवर येतो. वही असेल, तर मधल्या सुटीत दहा मिनिटांत उत्तर जाते आणि वर्ग मोडत नाही.

6. पोषण आहाराचा हिशेब वजनकाट्यावर करा

पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे. 42 लहान मुले हजर असतील तर 4 किलो 200 ग्रॅम तांदूळ निघायला हवा, आणि वहीत तेवढाच दिसायला हवा. आरंभीची शिल्लक, आलेला माल, वापर आणि अखेरची शिल्लक या चार आकड्यांचा मेळ आठवड्याला एकदा पोती प्रत्यक्ष वजन करून घालावा. माल उतरवताना पोते 50 किलोचे आहे असे समजून पावतीवर सही करू नये. पुरवठादाराच्या माणसासमोर वजन करावे आणि जितके भरेल तितकेच लिहावे.

अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखायचे असते आणि चव नोंदवहीत लिहायचे असते. ही नोंद महिनाअखेरीस एकदम लिहिण्याची सवय लावू नका. पालकांनाही आळीपाळीने चव घ्यायला बोलवावे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे मानधन उशिरा येते, आणि त्याचा पाठपुरावा करणे हे मुख्याध्यापकाचेच काम आहे. दर महिन्याला त्यांच्या देयकाची पोच स्वतः घ्या. चुलीपाशी उभ्या असणाऱ्या बाईचे पैसे थकले असताना आपण तिला मिठा-तेलाच्या चुका सांगत राहणे मला योग्य वाटत नाही.

7. शाळा व्यवस्थापन समिती

समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. अध्यक्ष पालकांमधून होतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतो. सभा महिन्यातून एकदा घ्यायची असते. सकाळी अकराची सभा ठरवली, तर शेतमजुरी करणाऱ्या आया येऊच शकत नाहीत. मग इतिवृत्ताची वही घरोघरी सह्यांसाठी फिरते आणि समिती कागदावरच राहते. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी किंवा दिवेलागणीनंतर सभा घ्यावी. ठराव सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि अंगठा लावणाऱ्या सदस्यालाही तो समजावून सांगावा.

गावात दोन गट असतात, हे गृहीत धरून चालावे. कोणाच्याही घरी एकट्याने बसून शाळेचे निर्णय घेऊ नयेत. शाळेचे जे काही ठरेल ते शाळेतच ठरेल, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ त्रास वाचतो.

8. कालचे सहकारी, आजचे सहकारी

काल एकाच डब्यातून जेवणारे सर आणि मॅडम आज तुमच्याकडे रजेचा अर्ज देणार असतात. ज्येष्ठतेत अगदी थोड्या अंतराने मागे राहिलेल्या सहकाऱ्याच्या मनात खंत असू शकते. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलावे आणि एखादे महत्त्वाचे काम पूर्ण विश्वासाने त्यांच्याकडे सोपवावे. रजा, हालचाल नोंदवही आणि वेळ यांचे नियम सर्वांना सारखे ठेवा, आणि त्यात स्वतःला आधी बसवा.

दुसऱ्याचा वर्ग पाहायला जाल, तेव्हा मागे मुलांमध्ये बसा आणि मुलांच्या वह्या पाहा. शिक्षकाची चूक मुलांसमोर कधीही काढू नये. कोलामी, गोंडी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणारी मुले पहिलीत गप्प का आहेत, हे तपासणीच्या तक्त्यावरून कळत नाही, शेजारी बसल्यावर कळते. तालुक्याच्या सभा आणि टपाल यांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून त्या दिवशीचे बहुवर्ग नियोजन सहकाऱ्याबरोबर आधीच लिहून ठेवा.

9. कापूस वेचणीचे आणि स्थलांतराचे दिवस

दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली, की चौथी-पाचवीच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहू लागतात. हजेरीपटावर हे हळूहळू दिसते : आधी सोमवार जातो, मग आठवडा. तिसऱ्या दिवशीच घरी जावे. पंधरा दिवसांनी गेलेल्या मुख्याध्यापकाचे ऐकले जात नाही.

मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबे असोत की पुसद-महागावकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी, निघण्याच्या आदल्या दिवशी पालक दाखला मागायला येतात. चार-सहा महिन्यांसाठी जात असतील, तर त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यावे. मुलाचे नाव पटावर राहते आणि जिथे जातील तिथल्या शाळेत त्या पत्रकावर बसता येते. आजी-आजोबा गावात असतील, तर मूल त्यांच्यापाशी राहील का हे आधी विचारावे, आणि अशी मुले बरीच असतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावासह दिवाळीपूर्वीच पाठवावा. नंतर पाठवलेल्या प्रस्तावाला मंजुरी येते तेव्हा तांडा रिकामा झालेला असतो.

10. मुलांची सुरक्षितता

या बाबतीत तडजोड नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा नुसती शंका आली, तरी पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याबाबत माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. गावात मिटवून घेण्याच्या बैठकीला जाऊ नका. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइन क्रमांक व्हरांड्यात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहून ठेवा आणि तक्रारपेटी ठरल्या दिवशी समितीच्या महिला सदस्यांसमोर उघडा. छडी शाळेत नसावी. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केली आहे.

11. उन्हाळ्यापूर्वीची आवराआवर

फेब्रुवारी-मार्चपासून सकाळची शाळा लागते, तेव्हा पाण्याची टाकी आणि हातपंप यांची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडून लेखी मागणी करून उरकून घ्या. टिनपत्र्याच्या खोलीत दहानंतर मुलांना बसवू नये. शिकस्त वर्गखोली असेल, तर तिला कुलूप लावून "प्रवेश बंद" असे लिहावे आणि निर्लेखनाच्या (खोली वापरातून काढून टाकण्याच्या) प्रस्तावाची पोच फाइलला लावावी. पहिल्या वादळात पत्रे उडतात, तेव्हा आधी काय कळवले होते हेच विचारले जाते.

निकालानंतर शाळा बंद करताना उरलेला तांदूळ फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा आणि शिल्लक समितीच्या अध्यक्षांसमोर वजन करून लिहा. कपाटाच्या किल्ल्या तुमच्याकडे, फाटकाची एक किल्ली अध्यक्षांकडे ठेवा. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याआधी दोन दिवस जाऊन खोल्या झाडून, टाकी धुऊन घ्या, आणि सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची यादी अंगणवाडी ताईंकडून घेऊन प्रत्येक घरी प्रवेशाचे सांगून या. जन्माचा दाखला नाही म्हणून कोणी थांबले असेल, तर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 14 नुसार त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्या आईबापांना तिथेच सांगा आणि नाव तिथेच लिहून घ्या.